सुचण्याची सवय: जात्यापासून मोबाईलपर्यंत

आम्ही बदलापूर गावातल्या बाया बोलतोय. बदलापूर म्हटलं की आता लोकांच्या डोळ्यांपुढे लोकलची गर्दी आणि उंच इमारती येतात. पण स्टेशनच्या पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला जुनं गाव अजून आहे. आमचा बचत गट तिथलाच.

मागच्या वेळी आम्ही लोणच्याच्या हिशेबावर बोललो होतो. आज विषय वेगळा आहे. आमच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरींचा आणि पोरांचा. आता कॉलेज निम्मं मोबाईलवर आलंय. व्याख्यान मोबाईलवर, पुस्तक मोबाईलवर, परीक्षासुद्धा कधी कधी मोबाईलवर. आणि हल्ली तर प्रश्न टाकला की उत्तरही तोच लिहून देतो. मग आमच्या पोरींना स्वतःचं असं काही सुचणार कधी?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून पडला नाही. आमच्या गटातल्या एकीची लेक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला 'माझ्या गावातील बदल' या विषयावर प्रकल्प लिहायचा होता. तिने वीस पानं लिहून दिली, सगळी मोबाईलवरून उतरवलेली. सरांनी तिला एकच विचारलं, "तुझ्या गावाचं नाव यात कुठे आहे?" वीस पानांत बदलापूर एकदाही नव्हतं. पोरगी घरी येऊन रडली आणि म्हणाली, "आई, मला काही सुचतच नाही. मी कॉलेज सोडते." तिच्या बापालाही ते पटलंच होतं. स्थळ बघायला सुरुवात होणार होती.

त्या रात्री आम्ही गटाच्या बैठकीत हप्त्यांचं बोलायचं सोडून यावरच बोलत बसलो. आमच्यातली सगळ्यात वयस्कर आजी म्हणाली, "सुचत नाही म्हणजे काय? आम्हाला रोज पहाटे सुचायचं. नाही सुचलं तर दळण सरायचं नाही." तिच्या या एका वाक्याने आम्ही मागे मागे शोधत गेलो. जे सापडलं ते आज सांगतोय.

आधी जात्याचंच घेऊ. पहाटे उठायचं, खुंट्याला हात घालायचा, समोर सासू नाहीतर जाऊ, आणि दळता दळता ओवी म्हणायची. काही ओव्या आईकडून आलेल्या, पण पुष्कळशा तिथेच जुळवलेल्या. भावावर, माहेरच्या वाटेवर, पावसावर, नवऱ्याच्या रागावर. आदल्या दिवशी जे घडलं ते दुसऱ्या दिवशी पहाटे ओवीत यायचं. लिहिता वाचता न येणाऱ्या बायांनी हे केलंय, तेही रोज.

हे सगळं हवेत विरून गेलं असतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव जाऊन या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. कोणत्या बाईने म्हटली, कोणत्या गावची, तिचं नाव काय, हे सगळं टिपून ठेवलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या ओव्या वाचायला आणि ऐकायला मिळतात. म्हणजे जात्यावरची बाई आता मोबाईलवर आहे! आम्ही एका संध्याकाळी पाच-सहा जणी एकाच फोनभोवती बसून त्या ऐकल्या. आजीने दोन ठिकाणी ऐकता ऐकता पुढची ओळ स्वतःच जोडली.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. जातं गेलं ते बरं झालं. ज्या बाईने पहाटे तीनला उठून दळलंय ती जात्याचं गुणगान करत नाही. खांदे दुखायचे, पोटुशी असली तरी सुटका नव्हती. गिरणी आली तेव्हा आमच्या सासवांनी नारळ फोडला होता. आम्ही जातं परत आणा म्हणत नाही. पण जात्याबरोबर ती सवयही गेली, आणि गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या सवयीत होतं तरी काय? ठरलेली वेळ होती. हात कामात आणि डोकं मोकळं होतं. आणि समोर ऐकणारी एक बाई होती, जी तुमच्या ओवीला आपली ओवी जोडायची. या तीन गोष्टी मनात धरून ठेवा, पुढे लागतील.

आता दुसरी गोष्ट, आमच्या शेजारच्या कल्याणची. लोकलने आमच्याकडे येताना कल्याणनंतरचं चौथं स्टेशन बदलापूर. त्या कल्याणात ३१ मार्च १८६५ ला यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी. तिची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, सिनेमाही पाहिलाय. पण आम्हाला त्यातली एक वेगळी बाजू महत्त्वाची वाटते. ती पत्रांची.

आनंदीबाईला शिकवावं म्हणून गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. ते तिकडच्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीमधल्या रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईने ते वाचलं, तेही दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येईपर्यंत बसली असताना. तिने १८८० मध्ये पत्र पाठवलं आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई तिला मावशी म्हणायला लागली. पत्र जायला आणि उत्तर यायला आठवडेच्या आठवडे लागायचे. पण प्रत्येक पत्रात मावशी काहीतरी विचारायची. तुमच्याकडे लग्न कसं होतं, बायका काय खातात, सण कसे, देव कोणते. आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला आपल्याच घराकडे नव्याने बघून, दुसऱ्या भाषेत उत्तर जुळवावं लागायचं. जे रोज डोळ्यांसमोर आहे ते परक्या माणसाला समजेल असं सांगणं ही काय साधी गोष्ट आहे? करून बघा एकदा. आपण हळदीकुंकू का करतो हे अमेरिकेतल्या बाईला चार ओळीत लिहा.

१८८३ मध्ये आनंदीबाई बोटीने निघाली, फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकली आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, क्षयाने गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू लोकांतलं बाळंतपणाचं शास्त्र. पहा, इतक्या लांब जाऊनही तिने विषय घरचाच निवडला. आम्हाला वाटतं, त्याची तयारी त्या पत्रांत झाली होती.

तिसरी गोष्ट तर आमच्याच गावची आहे, आणि खरं सांगायचं तर आम्हाला ती माहीत नव्हती. इथे जन्म गेला तरी! नारायण गोविंद चापेकर नावाचे न्यायाधीश होते. जन्म १८६९ चा. नोकरीतून निवृत्त झाले आणि बदलापूरला येऊन राहिले. निवृत्त माणूस काय करतो? ओट्यावर बसतो, पेपर वाचतो, सुनेला हाका मारतो. चापेकरांनी गाव टिपायला घेतला. लोक कोण, धंदे कोणते, शेती कशी, घरं कशी, काय खातात, कोणते देव पुजतात. १९३३ साली त्यांचं 'बदलापूर' हे पुस्तक निघालं. एका गावाचा इतका बारीक अभ्यास मराठीत तोवर कुणी केला नव्हता. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९६८ साली, जवळजवळ नव्व्याण्णवाव्या वर्षी वारले.

त्यांच्या हाती कुठलं यंत्र नव्हतं. वही, टाक आणि विचारायची सवय. शेतकऱ्याला, सुताराला, दुकानदाराला जाऊन विचारायचं आणि घरी येऊन लिहायचं. एका दिवसात गाव लिहून होत नाही. रोज थोडं थोडं टिपत राहिलं तरच होतं. आता हेही खरं की ती नजर एका शिकल्या-सवरल्या न्यायाधीशाची होती. आमच्या पणज्यांनी तोच गाव सांगितला असता तर तो जरा निराळा दिसला असता. पाणवठ्यावरून गाव वेगळा दिसतो आणि ओट्यावरून वेगळा. पण पणज्यांना कुणी विचारलं नाही. म्हणून तर आम्ही आमच्या पोरींच्या मागे लागलोय.

गावात पुस्तकांची परंपराही आहे बरं का. श्याम जोशी या चित्रकलेच्या शिक्षकांनी बदलापुरात 'ग्रंथसखा' हे वाचनालय उभं केलं. जुनी, दुर्मिळ मराठी पुस्तकं शोधत लांबलांबून अभ्यासक तिथे येतात. आमच्या पोरी मात्र त्या रस्त्याने रोज जाऊनही आत कधी गेल्या नव्हत्या.

आता घरी बसून शिकण्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण मोबाईलवरचं शिक्षण काही आभाळातून पडलेलं नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये बायकांचं विद्यापीठ काढलं, तेव्हा पहिल्या वर्गात पाच जणी होत्या. शिकवणं मराठीतून, आणि घरी अभ्यास करून परीक्षेला बसायची सोय. संसारातल्या बाईला वर्गात येता येत नाही हे त्या माणसाला तेव्हा कळलं होतं. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये टपालाने शिकवायला सुरुवात केली. १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर कॉलेजच्या मुलांसाठी कार्यक्रम सुरू झाले, पण ते बहुतेक इंग्रजीत. आमच्यातल्या काहींना तो कार्यक्रम आठवतो तो एवढ्यासाठीच, की तो लागला की घरातले टीव्ही बंद करायचे.

आणि मग १ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं. पहिले कुलगुरू राम ताकवले. घोषवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी'. आमच्या गटातल्या दोघी या विद्यापीठाच्या पदवीधर आहेत. एकीची बारावी झालेली नव्हती. तिने आधी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला आणि मग बी.ए. धाकटा मुलगा मांडीवर आणि पुस्तक पाटावर. ती सांगते, त्या पुस्तकांत धडा मध्येच थांबायचा आणि प्रश्न विचारायचा, की एवढं वाचलंत, आता तुम्ही सांगा. पुढे मागे बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं. ती म्हणते, "मी एकटी नव्हते. पुस्तक माझ्याशी बोलत होतं." उत्तरं मात्र शेवटच्या पानांवर छापलेली असायची. ती आधी बघायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. ती बघायची, असं तिने आम्हाला हसत हसत कबूल केलंय.

आपण रेडिओवर बोलतोय, म्हणून एक रेडिओची आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं घेतली. प्रत्येक गावात ऐकणाऱ्यांचं एक मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. पण खरी गंमत पुढे होती. रेडिओ बंद झाल्यावर उठायचं नाही. बसून चर्चा करायची, आपल्या गावात हे कसं लागू पडेल ते ठरवायचं, आणि प्रश्न असतील तर पुण्याला कळवायचे. नंतर पाहणी केली तेव्हा कळलं की ज्या गावांत नुसता रेडिओ होता त्यांच्यापेक्षा मंडळ असलेल्या गावांतले लोक खूप जास्त शिकले होते. यंत्र तेच, आवाज तोच. फरक पडला तो नंतरच्या बसण्याने. (शेतकरी म्हणजे पुरुष असंच तेव्हा धरत. आजही धरतात, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

आता मोबाईलकडे येतो. २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'स्वयम्' नावाचं व्यासपीठ सुरू केलं. देशभरातल्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम तिथे फुकट शिकता येतात, फी लागते ती फक्त शेवटच्या परीक्षेची. प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग: व्याख्यानाचा व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वतःला तपासायची चाचणी आणि चर्चेची जागा. आता विद्यापीठं अशा अभ्यासक्रमांचे गुणही पदवीत धरू शकतात. मुंबईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' केलंय, संगणकाचे दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीतही आहेत. त्यांचा नियम आम्हाला फार आवडला: नुसतं बघायचं नाही. एका बाजूला धडा लावायचा, तो थांबवायचा, आणि दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करून पाहायचं. आपण पुरणपोळी अशीच शिकलो की!

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सगळी कॉलेजं एका रात्रीत मोबाईलमध्ये शिरली. आमच्याकडे एका घरात एक फोन आणि शिकणारी तिघं. भावाचा वर्ग आधी, बहिणीचा नंतर. नंतर म्हणजे डेटा संपल्यावर. त्या दोन वर्षांत पोरांना एक सवय मात्र लागली: फोन खिडकीत ठेवून द्यायचा, हजेरी लागते, आपण दुसरं काहीतरी करायचं. स्वाध्याय आला की शोधायचं, उतरवायचं, पाठवायचं. शिक्षण घरात आलं, पण समोरची ऐकणारी बाई गेली. व्हिडिओला काही सांगता येत नाही. चर्चेची जागा होती, पण तिथे आमच्या पोरी जायच्याच नाहीत. इंग्रजीत काय लिहायचं याची भीती.

आमच्यातल्या एकीच्या मुलाने, तो संगणक शिकतो, आम्हाला अमेरिकेतली एक गोष्ट दाखवली. व्हर्जिनिया राज्यात मेरी वॉशिंग्टन नावाचं विद्यापीठ आहे. तिथे संगणकाच्या मदतीने गोष्ट कशी सांगावी याचा एक अभ्यासक्रम होता, त्याला डीएस १०६ म्हणतात. २०११ पासून त्यांनी तो बाहेरच्या लोकांनाही खुला केला, आणि २०१२ मध्ये त्यात 'डेली क्रिएट' सुरू केलं. रोज एक छोटं काम. आज एक फोटो काढा, उद्या एक चित्र, परवा एक आवाज टिपा, तेरवा दोन ओळी लिहा. पंधरा-वीस मिनिटांत व्हावं एवढंच. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, फक्त करायचं आणि सगळ्यांसमोर ठेवायचं. विद्यार्थी नसलेलेही करू शकतात.

हे ऐकून आजी म्हणाली, "हे तर दळणच आहे."

मग आम्ही तेच केलं, आमच्या पद्धतीने. व्हॉट्सॲपवर एक गट केला. कॉलेजात जाणाऱ्या सहा पोरी, दोन पोरं आणि आम्ही अकरा बाया. नियम असा, की रोज आमच्यातल्या एकीने पाळीने एक प्रश्न द्यायचा, तोही बोलून, कारण आमच्यातल्या तिघींना लिहायला त्रास होतो. पोरांनी रात्री नऊच्या आत उत्तर टाकायचं. फोटो, चित्र, आवाज, चार ओळी, काहीही. पंधरा मिनिटांच्या वर वेळ घालवायचा नाही. मोबाईलला उत्तर विचारायचं नाही.

पहिला प्रश्न होता: आज नदीचं पाणी कसं होतं ते 'गढूळ' हा शब्द न वापरता सांगा. दुसरा: तुटलेल्या सुपाचे पाच उपयोग. तिसरा: अर्धा तास उंबऱ्यावर बसा, रस्त्याने कोण कोण गेलं आणि कुणाच्या हातात काय होतं ते टिपा. नंतर आमचीही डोकी चालायला लागली. वीज गेली ही एकच गोष्ट परीक्षा असलेल्या पोरीच्या बाजूने सांग आणि गिरणीवाल्याच्याही बाजूने सांग. आजीला विचार, की तिच्या लहानपणी असलेला आणि आता ऐकू न येणारा आवाज कोणता. पहिलं उत्तर आलं ते जात्याचं असेल असं आम्हाला वाटलं होतं. आलं ते कोल्ह्यांच्या ओरडण्याचं.

सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. आठ दिवस उत्साह टिकला, मग दोघांनी कुठून तरी उतरवलेली सुंदर सुंदर वाक्यं टाकायला सुरुवात केली. ओळखू यायचं लगेच. आमच्या नदीवर कधी हंस आलेत? आम्ही रागावलो नाही. त्याखाली फक्त विचारलं, "कुठे पाहिलेस?" दुसऱ्या दिवसापासून हंस गेले, बगळे आले. एकीच्या सासूने, रात्री फोनवर काय करतेस म्हणून, घर डोक्यावर घेतलं. आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो आणि त्या सासूबाईंनाच एक दिवस प्रश्न द्यायला लावला. त्यांनी विचारलं, "सून आणि लेक यांना एकाच पातेल्यातलं वाढताना हात कुठे थांबतो?" त्या दिवशी एकही उत्तर आलं नाही. पण त्या शनिवारी बैठकीत यावर जे बोलणं झालं ते आम्ही रेडिओवर सांगू शकत नाही!

शनिवारची बैठक हीच आमची खरी भट्टी. हप्ते जमा झाले की पोरांनी आठवड्याचं जे टाकलं ते मोठ्याने ऐकायचं आणि प्रत्येकीने त्याला काहीतरी जोडायचं. वा, छान, एवढ्यावर सोडायचं नाही. 'पुढे काय झालं', 'असं का', 'याच्या उलट असतं तर', असलं काहीतरी विचारायचं. पहिल्या महिन्यात आम्हालाच ते जमत नव्हतं. टाळ्या वाजवणं सोपं, विचारणं अवघड.

आणि जिच्यापासून हे सुरू झालं ती पोरगी? उंबऱ्याच्या प्रश्नात तिने टिपलं होतं की सकाळी सहा ते साडेसहात रस्त्याने सत्तेचाळीस माणसं गेली. त्यांतल्या एकतीस जणांच्या हातात डबा होता, आणि चौघींच्या डोक्यावर भाजीची पाटी. तिने तोच धागा धरला. त्या चौघींबरोबर चार दिवस स्टेशनपर्यंत चालत गेली. भाजी कुठून येते, पावसात किती नासते, संध्याकाळी उरलेल्या भाजीचं काय होतं, हे विचारलं. चापेकरांचं पुस्तक वाचनालयात बसून पाहिलं आणि त्यांनी गाव कसा टिपला ते समजून घेतलं. मग 'स्वयम्'वर समाजशास्त्राचा एक अभ्यासक्रम शोधून काढला, कारण आता तिला प्रश्न होते आणि त्या व्याख्यानांत ती उत्तरं शोधत होती. आधी तीच व्याख्यानं खिडकीत वाजत राहायची. दुसऱ्यांदा दिलेला प्रकल्प चौदा पानांचा होता. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे, आणि स्थळाचं बोलणं पदवी होईपर्यंत थांबलंय. 'होईपर्यंत' एवढंच बापाने कबूल केलंय, आम्ही त्याच्यापुढचं बघतोय.

आठांपैकी पाच जण अजून टिकून आहेत. एका पोराने नोकरी धरली, रात्रपाळी असते. एकाला कंटाळा आला, ते त्याने सरळ सांगितलं. एका पोरीचं लग्न झालं. फोन माहेरीच राहिला, कारण तो भावाच्या नावावर होता. तिची शेवटची नोंद अजून गटात आहे, हळदीच्या दिवशीची: अंगणातल्या मांडवाच्या खांबांच्या सावल्या दुपारी कुठवर पोचल्या त्याचं चित्र. आम्ही तिच्या सासरच्या गावातल्या बचत गटाला निरोप धाडलाय. तिथल्या बाया हे ऐकत असतील तर, तायांनो, तिला एकदा बोलावून घ्या. फोन नसला तर वही चालेल.

तुमच्या गावात करायचं असेल तर एवढंच सांगतो, की प्रश्न लहान ठेवा आणि हाताशी असलेल्या गोष्टीबद्दल ठेवा. 'स्वातंत्र्य' या विषयावर विचार करा असं सांगितलं की पोरं लगेच मोबाईलकडे धावतात. 'घरातल्या किल्ल्या कुणाच्या कमरेला असतात' असं विचारलं की घरात बघावं लागतं. आणि ज्या दिवशी तुमचाच प्रश्न तुम्हाला कंटाळवाणा वाटेल त्या दिवशी पोरांनाच प्रश्न द्यायला सांगा, उत्तर तुम्ही द्या. आम्ही एकदा दिलं. आमचे नऊ वाजून गेले तरी सुचलं नव्हतं.

उद्याची पाळी आजीची आहे. तिने प्रश्न आत्ताच सांगून ठेवलाय, तुम्हीही घ्या: घरात जी वस्तू रोज हाताळता पण जिला नावच नाही, अशी एक शोधा आणि तिला नाव द्या. नमस्कार.